रुसलेला ब्रश आणि स्क्रॅपबुकाचे पान

मृग लागला की गोव्यातील घरांत कपाटातल्या जुन्या अल्बमांची काळजी सुरू होते. दमट हवेत छायाचित्रांना बुरशी धरते, समोरासमोरचे दोन फोटो एकमेकांना चिकटतात आणि सोडवायला जावे तर वरचा थरच निघून येतो. हे फोटो वेळीच स्कॅन करणे, संगणकावर त्यांची सजवलेली पाने तयार करणे, त्यांवर नावे, तारखा, आठवणी लिहिणे आणि शेवटी ती पाने छापून घेणे हा त्यावरचा एक चांगला मार्ग आहे. यालाच डिजिटल स्क्रॅपबुक म्हणतात. या कामात सर्वांत जास्त वापरले जाणारे आणि सर्वांत जास्त छळणारे साधन म्हणजे फोटो-संपादन प्रणालीतील ब्रश. काल व्यवस्थित चालणारा ब्रश आज उमटतच नाही; उमटला तर फिकट, नाहीतर भलत्याच रंगात. मग प्रणालीच पुन्हा बसवण्याची घाई होते. त्या घाईत जमवलेले ब्रश जातात, किंवा त्याहून वाईट म्हणजे आजोबांच्या फोटोच्या एकमेव स्कॅनवर नको ते उमटते आणि तो तसाच साठवला जातो.

वस्तुतः ब्रशची फाइल क्वचितच बिघडलेली असते. आदल्या वेळी बदललेली एखादी मांडणी प्रणालीने लक्षात ठेवलेली असते आणि वापरणारा ती विसरलेला असतो. बहुतेक तक्रारींचे मूळ इतकेच असते. ते शोधायचे तर ब्रश म्हणजे नेमके काय, हे आधी समजून घेतले पाहिजे.

स्क्रॅपबुकासाठी मिळणारे बहुतेक ब्रश हे रंगवण्याच्या कुंचल्यापेक्षा कार्यालयातील रबरी शिक्क्याच्या अधिक जवळचे असतात. वेलबुट्टी, टपालाची मोहर, फाटक्या कागदाची कड, शाईचा शिंतोडा असे एखादे चित्र त्यात करड्या छटांच्या रूपात साठवलेले असते. त्यातला काळा भाग पूर्ण शाई सोडतो, पांढरा भाग काहीच सोडत नाही आणि मधल्या छटा त्या त्या प्रमाणात शाई सोडतात. शिक्क्याला स्वतःचा रंग नसतो. प्रणालीत त्या वेळी निवडलेला अग्ररंग हीच त्याची शाई. म्हणूनच एखादा सुंदर निळा ब्रश उतरवून घेतला आणि तो काळाच उमटला, ही तक्रार खरे तर तक्रार नव्हेच. निळा रंग नमुन्याच्या चित्रापुरता होता. अग्ररंग बदलला की शिक्क्याचा रंग बदलतो.

एक सवय मात्र सर्वांच्या आधी लावून घ्यावी. स्कॅनची मूळ फाइल बाजूला ठेवून तिच्या प्रतीवरच काम करावे आणि प्रत्येक शिक्का नव्या, रिकाम्या स्तरावर मारावा. फोटोच्या स्तरावर थेट मारलेला शिक्का फोटोचाच भाग होतो; फाइल जेपीईजी स्वरूपात साठवून बंद केली की तो वेगळा काढता येत नाही. वेगळ्या स्तरावरचा शिक्का हलवता येतो, फिकट करता येतो, फिरवता येतो आणि नकोसा झाला तर टाकून देता येतो. शिवाय अडचण शोधतानाही या सवयीचा उपयोग होतो: नव्या स्तरावर ब्रश नीट उमटला, तर दोष जुन्या स्तरात आहे हे तिथल्या तिथे कळते.

शिक्का मारला, पण उमटला नाही

सर्वांत नेहमीची अडचण हीच. अडोबी कंपनीच्या फोटोशॉपमध्ये आणि त्याच्या घरगुती वापरासाठीच्या फोटोशॉप एलिमेंट्स या धाकट्या भावंडात तिची कारणे जवळजवळ सारखीच असतात.

पहिला संशय निवडक्षेत्रावर घ्यावा. पानाचा एखादा भाग आधी निवडलेला राहून गेला असेल, तर ब्रश त्या भागाबाहेर काहीच रंगवत नाही. निवडीभोवतीची हलती तुटक रेघ दिसत असेल तर प्रश्न नाही. पण निवड अगदी कोपऱ्यात असते, किंवा कंट्रोल व एच या कळा चुकून दाबल्या गेल्याने रेघ लपलेली असते. कंट्रोल व डी दाबून निवड रद्द करावी आणि पुन्हा प्रयत्न करावा. एवढ्यानेच बऱ्याच जणांचे काम भागते.

ते जमले नाही तर स्तरांच्या फलकाकडे वळावे. जो स्तर निवडलेला आहे त्याच्या डोळ्याची खूण बंद नाही ना? तो मोठ्या फोटोच्या स्तराखाली दडलेला नाही ना? त्यावर कुलूप नाही ना? यातले पारदर्शक भागाचे कुलूप विशेष फसवे असते. ते लावलेले असताना प्रणाली फक्त आधीच रंगवलेल्या ठिकाणी रंगवू देते. रिकाम्या स्तरावर रंगवलेले असे काहीच नसल्याने कितीही शिक्के मारले तरी पान कोरेच राहते. फोटोशॉपमध्ये हे कुलूप उजवीकडे झुकलेल्या तिरप्या रेघेच्या कळीने उघडते आणि लागते, त्यामुळे ते नकळत लागण्याची शक्यताही मोठी. अक्षरांच्या स्तरावर शिक्का चालत नाही, कारण अक्षरे चित्रबिंदूंनी बनलेली नसतात. एलिमेंट्समध्ये अशा वेळी स्तर ‘सिम्प्लिफाय’ करण्याची सूचना येते. ती स्वीकारली की अक्षरे पुन्हा संपादित करता येत नाहीत, म्हणून तेथेही वर नवा स्तर घेणेच शहाणपणाचे.

शिक्का उमटतो पण रंगाऐवजी फोटोचा तुकडा नाहीसा होतो किंवा परत येतो, असे झाले तर स्तराऐवजी त्याचा मुखवटा, म्हणजे लेयर मास्क, निवडलेला असतो. याची खूण सोपी आहे: मुखवटा निवडलेला असताना अग्ररंगाच्या चौकटीत काळ्या-पांढऱ्या-करड्या छटांशिवाय दुसरा रंग दिसत नाही. फोटोशॉपमध्ये पानावर लालसर पडदा उमटू लागला तर क्यू ही कळ दाबली गेली आहे असे समजावे. ती निवड रंगवण्याची वेगळी अवस्था असते; तीच कळ पुन्हा दाबली की पडदा जातो.

शिक्का उमटतो, पण रंग येत नाही. लाल निवडला तरी करडाच उमटतो, ही अडचण जुन्या फोटोंवर काम करणाऱ्यांना हमखास भेटते. कृष्णधवल फोटो स्कॅन करताना स्कॅनरने फाइल ‘ग्रेस्केल’ प्रकारात साठवलेली असते आणि त्या फाइलमध्ये रंगाला जागाच नसते. ‘इमेज’ मेन्यूतील ‘मोड’मध्ये जाऊन ‘आरजीबी’ निवडावे. मूळ फोटो कृष्णधवलच राहतो, पण त्यावरचा शिक्का रंगीत होतो.

फिकटपणाचे गूढ

शिक्का उमटला पण धुक्यातल्यासारखा, तर वरच्या पट्टीतील ‘ओपॅसिटी’ पाहावी. ब्रश हाती असताना अंकांच्या कळा दाबल्या की शाईची दाटी बदलते: 1 दाबले की 10 टक्के, 5 दाबले की 50 टक्के, 0 दाबले की पूर्ण 100 टक्के. पानावर तारीख लिहायला घेतली आणि अक्षरांचे साधन निवडायचे राहून गेले, की 1-9-7-4 हे आकडे तारखेऐवजी ब्रशच्या पोटात जातात. फोटोशॉपमध्ये शेजारीच ‘फ्लो’चे प्रमाण असते, तेही तपासावे.

त्याच पट्टीत ‘मोड’ असतो. तो नेहमी ‘नॉर्मल’ असावा. एखाद्या पानासाठी कोणी तो ‘क्लिअर’ वर नेलेला असेल, तर ब्रश रंगवण्याऐवजी खोडू लागतो. स्तराचा स्वतःचा मिश्रणप्रकार वेगळा असतो आणि तोही तपासावा लागतो. ‘मल्टिप्लाय’ प्रकारच्या स्तरावर पांढरी शाई दिसत नाही, ‘स्क्रीन’ प्रकारच्या स्तरावर काळी दिसत नाही. यात बिघाड काही नाही. त्या मिश्रणांचा हिशेबच तसा आहे. लाकडी पार्श्वभूमीवर पांढरी वेलबुट्टी हवी असेल तर स्तर ‘नॉर्मल’ ठेवावा किंवा ‘स्क्रीन’ करावा.

या साऱ्या मांडण्या एकेक करून सुधारण्याचा कंटाळा येत असेल तर सरळ साधन मूळपदावर आणावे. फोटोशॉपमध्ये वरच्या पट्टीतील ब्रशच्या चित्रावर उजवी टिचकी मारली की ‘रीसेट टूल’ मिळते. एलिमेंट्समध्येही साधनाच्या पर्यायांत ही सोय आहे. संपूर्ण प्रणालीची पसंती पुसून टाकण्याची युक्ती, म्हणजे विंडोजवर प्रणाली सुरू होताना कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून धरणे, ही सुचवणारे पुष्कळ भेटतात. ती शेवटची पायरी होय, पहिली नव्हे. तिच्यामुळे वेगळे साठवून न ठेवलेले ब्रश हातचे जाऊ शकतात.

दर्शक हरवतो तेव्हा

ब्रशचा गोल किंवा शिक्क्याची बाह्यरेखा न दिसता नुसती फुली दिसू लागली की अनेक जण गोंधळतात. दहातल्या नऊ वेळा कॅप्स लॉक चालू असतो. ती कळ चालू असताना प्रणाली मुद्दामच अचूक नेम धरण्याची फुली दाखवते. दहावी वेळ असते ती ब्रश इतका मोठा झाल्याची, की त्याची बाह्यरेखा खिडकीच्या पलीकडे गेलेली असते.

मराठीत काम करणाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक अडचण येते, जी परदेशी मार्गदर्शकांत सापडणार नाही. ब्रश लहान-मोठा करण्यासाठी चौकटी कंसाच्या दोन कळा वापरतात. इन्स्क्रिप्ट मराठी कळफलक चालू असेल तर त्याच कळांवर ‘ड’ आणि नुक्ता असतात, आणि ब्रश निवडण्याच्या बी या कळीवर ‘व’. पानावर मराठी मजकूर लिहून झाल्यावर कळफलक इंग्रजीवर आणायचा राहिला, तर हे संक्षिप्त आदेश काम करेनासे होऊ शकतात. ब्रशमध्ये दोष शोधण्यापूर्वी पडद्याच्या कोपऱ्यातील भाषेची खूण पाहून घ्यावी.

आकाराचा हिशेब

पडद्यावर देखणे दिसलेले पान छापून आल्यावर शिक्क्याच्या कडा विरघळलेल्या दिसतात, तेव्हा दोष छापखान्याला दिला जातो. बहुतेकदा तो आकड्यांचा असतो. स्क्रॅपबुकाचे प्रचलित पान 12 इंच लांब आणि 12 इंच रुंद असते. हे माप अमेरिकेतील कागदी स्क्रॅपबुकांकडून आले. चांगल्या छपाईसाठी दर इंचाला 300 चित्रबिंदू धरले तर पानाची बाजू 3600 चित्रबिंदूंची होते. फोटोशॉपच्या ‘सीएस6’पूर्वीच्या आवृत्त्यांत ब्रशचा कमाल आकार 2500 चित्रबिंदू होता, 2012 साली आलेल्या ‘सीएस6’मध्ये तो 5000 झाला. त्याआधीच्या काळात बनलेले कितीतरी ब्रश आजही वापरात आहेत. 2500 चित्रबिंदूंचा शिक्का अशा पानावर सव्वाआठ इंचांपेक्षा किंचितच मोठा उमटतो. तो पानभर ताणला की प्रणाली नसलेले बिंदू अंदाजाने भरते आणि कडा मऊ पडतात. 600 चित्रबिंदूंचा शिक्का तर दोन इंचांच्या कामाचा. त्याला सहा इंचांवर नेणे म्हणजे पासपोर्टच्या फोटोचे भित्तिपत्रक करण्यासारखे आहे.

म्हणून ब्रश निवडल्यावर त्याचा मूळ आकार पाहावा. फोटोशॉपच्या ब्रश-यादीत आकाराच्या पट्टीजवळ गोल बाणाची खूण असते. ती दाबली की शिक्का मूळ मापावर येतो. त्या मापापेक्षा लहान करायला हरकत नाही, मोठे करणे टाळावे.

उलट अडचणही येते. नवे पान उघडताना 12 इंच लिहिले पण विभेदन 72 राहिले, तर पानाची बाजू 864 चित्रबिंदूंचीच होते. 2500 चित्रबिंदूंचा शिक्का त्यावर मारला की कधी एखादे अवाढव्य पान-फूल कोपऱ्यातून डोकावते, कधी नुसता डाग दिसतो, कधी काहीच दिसत नाही. असे पान पुढे ताणून मोठे करण्यापेक्षा 300 विभेदनाचे नवे पान उघडून काम पुन्हा सुरू करावे.

शिक्का दाबण्याची रीतही महत्त्वाची. एकदा टिचकी मारायची आणि थांबायचे. उंदीर दाबून ओढला तर शिक्का शिक्क्यावर पडून चिखल होतो. दर वेळी शिक्का वेगळ्या आकाराचा किंवा वेगळ्या कोनात उमटत असेल तर ब्रश बनवणाऱ्याने ‘शेप डायनॅमिक्स’ चालू ठेवलेले असते. पाने विखुरल्याचा आभास हवा असेल तेव्हा ते छान. नाव-तारखेच्या मोहरेसाठी ते बंद करावे. लेखणी आणि पाटी वापरणाऱ्यांच्या बाबतीत लेखणीच्या दाबावर आकार ठरत असेल, तर हलक्या स्पर्शाने शिक्का चिमुकलाच उमटणार. आणि शिक्क्याच्या कडा दातेरी झाल्या तर ब्रशऐवजी त्याच घरात राहणारी पेन्सिल हाती आलेली असते.

फाइल उघडतच नाही

फोटोशॉपचे ब्रश ‘एबीआर’ या फाइलमध्ये येतात. उतरवून घेतलेले गाठोडे बहुधा झिप स्वरूपात असते. ते सोडवल्याशिवाय आतली ब्रशची फाइल प्रणालीला दिसत नाही. नव्या आवृत्तीत तयार केलेली ‘एबीआर’ फाइल जुन्या आवृत्तीला वाचता येईलच असे नाही. अशा वेळी त्याच संचात पारदर्शक पार्श्वभूमीची ‘पीएनजी’ चित्रे दिली आहेत का ते पाहावे. ती चित्रे पानावर ओढून आणली की ब्रशचेच काम होते.

मोफत मिळणाऱ्या गिंप या प्रणालीला ‘एबीआर’ फाइलमधील अनेक शिक्के वाचता येतात, पण फोटोशॉपमधील विखुरणे किंवा दाबाच्या मांडण्या त्यांच्यासोबत येतीलच असे नाही. फाइल तिच्या ब्रशच्या फोल्डरमध्ये ठेवून यादी ताजी करावी लागते. गिंपची एक खोड मात्र फोटोशॉपवरून येणाऱ्यांना फार चकवते. गिंपमध्ये प्रत्येक स्तराला स्वतःची हद्द असते आणि ती पानापेक्षा लहान असू शकते. लहान फोटोच्या स्तरावर शिक्का मारला की हद्दीबाहेरचा भाग कापल्यासारखा दिसतो. स्तर पानाएवढा करण्याचा आदेश ‘लेयर’ मेन्यूत आहे. 2025 साली आलेल्या गिंप 3.0 मध्ये रंगवता रंगवता स्तर आपोआप वाढवण्याची सोयही दिली आहे. गिंपचे काही ब्रश रंगीतही असतात. ते अग्ररंग जुमानत नाहीत.

स्वतःचा शिक्का

परदेशी संचांत हिमकण, मेपलची पाने, भोपळे यांची रेलचेल असते. चतुर्थीची माटोळी त्यात कोठून असणार? म्हणून स्वतःचा ब्रश बनवण्याची वेळ येते, आणि तेथे सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे घरातल्या माणसांचे हस्ताक्षर: आजीने पाककृतीच्या वहीत केलेली सही, वडिलांच्या पोस्टकार्डावरचे ‘अनेक आशीर्वाद’.

कृती सोपी आहे. कागद 600 विभेदनावर स्कॅन करावा, हवा तो भाग कापून घ्यावा, रंग काढून टाकावेत आणि ‘एडिट’ मेन्यूतून ‘डिफाइन ब्रश’ करावे. फोटोशॉपमध्ये त्यालाच ‘डिफाइन ब्रश प्रीसेट’ म्हणतात. पण इतकेच केले तर शिक्क्याभोवती एक फिकट चौकोन उमटतो. ही हस्ताक्षराच्या ब्रशची सर्वांत नेहमीची तक्रार. कारण वर सांगितलेच आहे: पांढरे तेवढेच शाई सोडत नाही. जुना कागद पांढरा नसतो. पिवळसर, डागाळलेला असतो आणि रंग काढल्यावर तो फिक्या करड्या रंगाचा होतो. त्या करड्याची शाई उमटते. उपाय ‘लेव्हल्स’मध्ये आहे. पांढऱ्या बाजूचा दर्शक आत सरकवत कागद पूर्ण पांढरा करावा, काळ्या बाजूचा दर्शक सरकवत शाई काळी करावी, मात्र अक्षरांचे बारीक फाटे तुटू लागले की थांबावे. उरलेले डाग पांढऱ्या रंगाने पुसावेत. कागद खरोखर पांढरा झाला का, हे डोळ्यांना पडद्यावर कळत नाही. कोऱ्या पानावर, एकाच जागी, पाच-सहा वेळा शिक्का मारून पाहावा; चौकोन शिल्लक असेल तर तो प्रत्येक वेळी गडद होत जातो आणि लपत नाही. कापताना अक्षरांभोवती थोडी पांढरी जागा सोडावी, नाहीतर वेलांटीचा वळसा कडेला छाटला जातो. शिक्का उलटा, म्हणजे भरीव ठोकळ्यात कोरी अक्षरे असा आला, तर ब्रश ठरवण्याआधी ‘इन्व्हर्ट’ करायचे राहिलेले असते.

संगणकावर टंकलेल्या मराठी मजकुराचा शिक्का करायचा असेल तर फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरे फुटलेली आणि ऱ्हस्व वेलांटी भलत्या अक्षरावर गेलेली दिसू शकते. परिच्छेदाच्या मांडणीत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडल्यावर ती जागेवर येते. हे शिक्का बनवण्याआधीच तपासावे. एकदा शिक्का झाला की त्यातली अक्षरे चित्र होतात आणि शुद्धलेखन कायमचे गोठते.

तयार झालेला ब्रश लगेच ‘एबीआर’ फाइल म्हणून बाहेर साठवावा आणि तिची एक प्रत संगणकाबाहेर, स्कॅन केलेल्या मूळ फोटोंसोबतच ठेवावी. पानाची स्तरांसहित फाइल ‘पीएसडी’ किंवा गिंपच्या ‘एक्ससीएफ’ स्वरूपात जपून, छापखान्याला द्यायची जेपीईजी तिच्यापासून वेगळ्या नावाने काढावी. नातेवाइकांपैकी कोणी फोटोतल्या माणसाचे खरे नाव किंवा साल पुढे सांगितले, तर तेवढाच स्तर बदलून पान पुन्हा छापता येते.